एकशे सत्तावीसच्या पुढे

६ नोव्हेंबर २०२५
बोईसर

ललित,

वर 'सप्रेम नमस्कार' लिहून खोडलंय, ते दिसेलच. कागद बदलला नाही. तू माझा फोन ब्लॉक केलास, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून पाकीट आणि तिकीट आणून शाळकरी मुलीसारखी बसले आहे. कोइंबतूरचा पत्ता मंदाने, तुझ्या वहिनीने, दिला नाही, तिला दोष देऊ नकोस. दिवाळीत तू बाबांना शाल पाठवलीस, त्या कुरियरच्या पिशवीत मंदा डबा गुंडाळून आणते. त्यावरून मी गुपचूप उतरवून घेतला.

हो, मंदा आपल्या गाळ्यात कामाला आहे. दोन वर्षं झाली. तुला कोणी सांगितलं नसेल. सोल्डरिंग इतकं सुरेख करते की बोर्ड भिंग लावून बघितला तरी एक टिपूस इकडचा तिकडे नाही. ते असो.

काम असं आहे. पुण्याची एक पंप बनवणारी कंपनी आपली आकड्यांची लायब्ररी त्यांच्या मशिनींत वापरायची म्हणते. हसू नकोस. नवापूर रोडवरच्या गाळ्यात, पंखा बंद पडलेला असताना दोघांनी लिहिलेली लायब्ररी आता पुण्याला जाणार. त्यांची एकच अट आहे, आतली नावं बदला.

हा विषय खरा आधी काढला वैष्णवीने. वैष्णवी म्हणजे मी सहा महिन्यांपूर्वी घेतलेली पालघरची इंजिनियर. स्कूटरवरून येते आणि हेल्मेट काढायच्या आधी माझ्या चुका काढते. पहिल्याच दिवशी तिने विचारलं, "मॅडम, हा दामू कोण? आणि प्रोग्राममध्ये काय करतोय?"

तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. आपली चिप स्वस्तातली, तिला दशांश चिन्ह कळत नाही, नुसते पूर्णांक कळतात. म्हणून सोळा घरांची पट्टी घ्यायची आणि आपण आपलं ठरवायचं की बिंदू अमुक घरानंतर. उजवीकडे जास्त घरं दिली तर आकडा बारीक मोजतो पण लांब जात नाही. डावीकडे जास्त दिली तर लांब जातो, पण जाडाभरडा. बिंदू कुठे ठोकलाय ते चिपला ठाऊक नसतं, ते आपण दिलेल्या नावावरून माणसाने ओळखायचं. म्हणून सगळं जग त्या नावात आकडे लिहितं, एकूण घरं किती आणि बिंदूनंतरची किती. आपण माणसं लिहिली.

तुझीच कल्पना ती. "ताई, सोळा-चार, सोळा-आठ कोणाच्या डोक्यात राहणार? माणसं राहतात." बिंदूनंतर चारच घरं, दोन हजारांपर्यंत बिनघोर जाणारा तो दामू, कारण तुझे बाबा बोलले की अख्ख्या सरावली गावाला ऐकू जातं, पण बारीकसारीक काही त्यांना विचारू नये. वजा आकडा मुळीच न घेणारी कमळी, माझी माहीमची आत्या, जी पानमळ्यात साप दिसला तरी "बरं झालं, उंदीर जातील" म्हणते. आणि तिसरं एक.

लायब्ररी दोघांच्या नावावर आहे, म्हणून तुझी संमती हवी. हो किंवा नाही, एवढंच लिही. बाकी इकडे सगळं ठीक.

पुष्पाताई


२० नोव्हेंबर २०२५

ललित,

उत्तर नाही. बरं. मौनं संमतिलक्षणम् म्हणतात, मी ते संमती म्हणून धरलं आणि कामाला लागले.

वैष्णवीशी दोन दिवस भांडले. पट्टीतलं एक घर वजा-अधिकच्या चिन्हाला जातं ना, ते मोजायचं की नाही यावरून जगात दोन तट आहेत म्हणे. एक म्हणतो ते पूर्णांकाच्या घरांत धरा, दुसरा म्हणतो धरू नका. म्हणजे एकाच पट्टीला एक जण आठ-आठ म्हणणार आणि दुसरा सात-आठ, आणि दोघंही शहाणे. वैष्णवीचं म्हणणं, हे झेंगटच नको. आधी एकूण घरं लिहा, मग बिंदूनंतरची, उरलेली वाचणाऱ्याने मोजावीत. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे असलं भांडण कधी झालंच नाही." तर म्हणते, "तुमच्याकडे तुम्ही दोघंच होता, मॅडम. दोघांना नावं लागतच नाहीत. नाव तिसऱ्यासाठी असतं."

फटकळ आहे पोरगी. मला राग आला, कारण तिचं बरोबर होतं.

दामू बदलला, कमळी बदलली. तिसऱ्याला हात लावला की माझं दुसरंच काहीतरी काम निघतं. चहा ठेवायचा राहतो, कोणाला तरी फोन करायचा आठवतो. परवा वैष्णवी कंटाळली आणि तिने स्वतःच चाचण्या लावल्या. तू लिहून ठेवलेला इशारा आठवतो? चाचणीत मावेल त्याहून मोठा आकडा आला की पडद्यावर वाक्य उमटतं. चिपमध्ये जागा पुरत नाही म्हणून मशिनीत जाताना आपण तो काढून टाकायचो, पण कॉम्प्युटरवर तो अजून आहे. वैष्णवीने तो मोठ्याने वाचला.

"रामनाथमध्ये मावत नाही."

मग हसत म्हणाली, "मॅडम, हा रामनाथ एकशे सत्तावीसच्या पुढे जातच नाही! एकशे अठ्ठावीस दिले की गडी थेट वजा एकशे अठ्ठावीस! असलं खुळं कोणाला सुचलं?"

मंदा दहा फुटांवर बसली होती. तिचा सोल्डरिंगचा हात थांबला. धूर सरळ वर जात होता आणि ती माझ्याकडे बघत होती.

"कोन?" ती म्हणाली.

"कोणी नाही गं. प्रोग्राममधलं नाव आहे."

"आमच्या यांचं नाव हाय ते."

"असतं एकेकदा," मी म्हटलं. "योगायोग."

तिने मान खाली घातली आणि परत कामाला लागली. वैष्णवी बिचारी दोघींकडे बघत राहिली, तिला काही ठाऊक नाही. मी बाहेर जाऊन उभी राहिले. रिक्षावाला विचारत होता, "मॅडम, जाना है क्या?" मला कुठे जायचंय ते मलाच कळेना.

तेव्हापासून कॉम्प्युटर लावायची भीती वाटते, खरं सांगते. दोनशे चौदा ठिकाणी नाव आहे त्याचं. मी मोजलंय. सकाळी पडदा उजळला की पहिल्याच ओळीत तो असतो, आणि मला दरवेळी वाटतं की आता हाक मारणार, "ताय, च्या झाला का?"

पुष्पाताई


४ डिसेंबर २०२५

ललित,

तुझं कार्ड आलं. पाच ओळी. मला आता पाठ आहेत, तरी इथे उतरवते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते मलाही नीट दिसेल.

"पुष्पाताई, नावं बदला. रामनाथ हे नाव मी ठेवलं आणि त्या मशिनीत मीच बसवलं. दादा माझ्यामुळे गेला. बाबांना आणि वहिनीला तोंड दाखवायची हिंमत नाही. पुन्हा लिहू नका."

पावणेचार वर्षं तू हे उराशी धरून बसलास. मला वाटलं होतं काळाने थोडं बोथट झालं असेल. कसलं काय.

तू निघून गेलास म्हणून तुला सगळं माहीत नाही. ९ मार्च २०२२, दुपारपाळी. थंड पाण्याचा पंप बंद पडला आणि रिअॅक्टर तापायला लागला. एकशे पंधराला भोंगा वाजला, आपल्या कंट्रोलरने तापवणाऱ्या वाफेचा व्हॉल्व्ह बंद केला. इथपर्यंत ठीक. पण पाणी नव्हतं, पारा चढतच राहिला. एकशे सत्तावीसच्या पुढे गेला आणि आतला आकडा उलटून वजा झाला. कंट्रोलरला वाटलं बर्फ पडलाय. त्याने भोंगा बंद केला आणि वाफ पूर्ण सोडली. रिअॅक्टर फुटला. हे तुला आणि मला ठाऊक. इतर कोणाला नाही.

कारखान्याच्या चौकशीला दोनच गोष्टी मिळाल्या. भोंगा दोन मिनिटं वाजून बंद झाल्याची नोंद, आणि रामनाथ सापडला तेव्हा त्याचा हात वाफेच्या चाकावर होता. त्यांनी लिहिलं, ऑपरेटर डुलकी घेत होता, भोंगा त्याने बटण दाबून बंद केला, आणि मग गडबडून चाक उलटं फिरवलं. अहवाल आला नि गेला. सरावलीत मात्र तेवढंच राहिलं, दामूचा पोरगा ड्युटीवर झोपला आणि मेला. कोणी तर पिऊन झोपला म्हणालं. रामनाथ! जो चहात साखर चमचा सपाट करून घालायचा, जो लॉगबुकात पेन्सिलीला टोक काढल्याशिवाय आकडा लिहायचा नाही.

जिवल्या वाचला. आठवतो? त्याचा हेल्पर, वरच्या पाड्यावरचा. डावा हात कोपरापर्यंत आखडलाय. परवा बाजारात भेटला आणि परत तेच सुरू केलं, जे तो पावणेचार वर्षं भेटेल त्याला सांगतो. "ताय, मी नवटाक पन घेतली नवती. भोंगा वाजला नि आपसुक गप झाला. कोनी बटन दाबला नाय. मीटरवर वजा आकडा आला, मी बघितला. रामनाथ बोलला, मीटर येडा झालाय, मी वर जाऊन हातानं बंद करतो. नि चढला." लोक त्याला हसतात. वजा म्हणे! मीही ऐकून घेतलं, "हो रे बाबा" म्हटलं आणि मेथीची जुडी घेऊन निघाले.

आणखी एक सांगते. त्या कंट्रोलरचं जळकं खोकं माझ्याकडे आहे. भंगारवाल्याने आपलं स्टिकर ओळखून आणून दिलं, मी कपाटात ठेवलंय. गेल्या आठवड्यात भर दुपारी, सगळे जेवायला गेले असताना, मी त्याला वीज दिली. सेन्सर नाही, तार नाही, काही नाही. वाटलं, मेलं असेल. चालू झालं. आकडा आला ८२.००.

त्या रिअॅक्टरचं रोजचं तापमान ब्याऐंशीच होतं, ललित. रामनाथच्या लॉगबुकात पानोपानी तोच आकडा. मग कागद घेऊन हिशोब केला. तुटलेला सेन्सर आठशे पन्नास दाखवतो, त्यातून दोनशे छप्पन्न तीनदा गेले की ब्याऐंशी उरतात. कारण सापडलं. पण मी घाबरायची थांबले नाही. सगळं जळून गेलंय आणि ते खोकं सांगतंय की सगळं रोजच्यासारखं आहे.

तसं मी त्याच मार्चमध्ये अकरा कारखान्यांत जाऊन 'मोफत सर्व्हिस' म्हणून सगळ्या मशिनींत रामनाथच्या जागी दामू बसवून आले होते. दुसरी कुठली धोक्याची नाही. काळजी करू नकोस.

पुष्पाताई


१२ डिसेंबर २०२५

ललित,

मागच्या पत्राची शेवटची ओळ तू वाचली असशील आणि थांबला असशील. अकरा कारखान्यांत मी गेले, तुला न सांगता, तुझा दादा जाऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा. रिअॅक्टर कशाने फुटला ते तुझ्या आधी मला कसं कळलं?

खाई त्याला खवखवे. लिहिते.

ती ओळ मी बदलली. तू नाही.

१३ जानेवारी २०२२, संक्रांतीचा आदला दिवस. तू पार्ट आणायला पालघरला गेला होतास. त्या कारखान्याचा मॅनेजर फोनवर म्हणाला, तुमच्या मीटरवर आकडा उड्या मारतो, बाहेरचे साहेब बघायला येणारेत, बिंदूनंतरचे दोन आकडे नीट दिसू देत. तिथे दामू बसवलेला होता. दामूचा हात जाड. बारीक मोजणारा आपल्याकडे एकच होता. मी दामू खोडला आणि रामनाथ लिहिला. अर्ध्या तासाचं काम.

आणि मला ते किती गोड वाटलं म्हणून सांगू! रामनाथच्याच मशिनीत रामनाथ. तिथे तो वर्षानुवर्षं उभा राहून जे करायचा, तेच आता त्याच्या नावाचा आकडा आत बसून करणार. मी स्वतः गेले बसवायला, तिळगूळ घेऊन. त्याला म्हटलं, "आजपासून तुझ्या मशिनीत तूच." तो लाजला. मग कँटीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटला. तुलाही सांगितलं असणार, माझं नाव हाय मशिनीत म्हणून, आणि तुला ती जुनीच गंमत वाटली असणार.

लांब किती जातो ते मी बघितलं नाही असं म्हणू नकोस. बघितलं. एकशे सत्तावीस. रिअॅक्टर एकशे दहाच्या वर कधी जात नाही, मी म्हटलं, खूप झालं. जर नावात सोळा-आठ असे आकडे डोळ्यांसमोर असते तर कदाचित हात थबकला असता. पण समोर रामनाथ होता. त्याच्यावर कोणाचाही विश्वास बसायचा. मी आकडा निवडला नाही, माणूस निवडला.

हे झालं चुकीचं. चूक कोणाचीही होते. आता पापाचं सांगते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी तू गाळ्यात आलास. दाढी वाढलेली. प्रोग्राम उघडलास, ती ओळ बघितलीस. आपण दोघंही एकाच नावाने काम करायचो, 'दुकान', म्हणून कोणी बदललं ते त्यात लिहिलेलं नव्हतं. त्या फाईलमधल्या चाळीस ओळींतल्या एकोणचाळीस तुझ्या होत्या. तू माझ्याकडे वळून विचारलंस, "ताई, हे मी केलं?"

मी म्हटलं, "असेल. तूच बसायचास ना तिथे."

एवढंच बोलले मी. तू उठलास, पाणी प्यायलास आणि गेलास. मी तुझ्या मागे दारापर्यंतसुद्धा आले नाही.

का, ते विचारशील. गाळा बंद पडेल, पोलीस येतील, माहीममध्ये माझ्या आईला लोक काय म्हणतील, ही सगळी कारणं खरी आहेत आणि एकही पुरेसं नाही. मी घाबरले. तू समोर आयता होतास, आणि तुझं मन स्वतःवरच ओझं घ्यायला तयार होतं. मी फक्त ते उचलून दिलं.

मंदाला कामावर घेतलं तेव्हा सगळे म्हणाले, पुष्पलता किती मोठ्या मनाची. मी ते ऐकून घेतलं. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसून बोर्ड जोडते, आणि तिच्या नवऱ्याला झोपाळू म्हणतात ते खोटं आहे हे मला ठाऊक असून मी तिला "चहा घे गं" म्हणते.

तुझ्या दादाला तू मारलं नाहीस. हे वाक्य परत वाच. तू मारलं नाहीस.

पुष्पलता


२३ डिसेंबर २०२५

ललित,

मंदाला सांगितलं.

शनिवारी सुट्टी दिली सगळ्यांना आणि तिला थांब म्हटलं. तिला वाटलं कामावरून काढते. पदर खोचून उभी राहिली. मी बसून सांगू शकले नाही, मीही उभीच राहिले. तिळगुळापासून सांगितलं, तुला दिलेल्या उत्तरापर्यंत. पट्टी आणि घरं तिला कळतील की नाही वाटत होतं. तिने मध्येच थांबवलं. "कळतंय मला. लहान माप व्हतं. भरून सांडलं."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"म्हणजे भोंगा त्यांनी नाय बंद केला."

"नाही."

"नि चाक?"

"वाफ बंद करायला चढला होता. मीटर खोटं बोलतंय हे त्याने ओळखलं, मंदा. माझ्या मशिनीचं खोटं त्याने दोन मिनिटांत पकडलं."

तेव्हा ती रडली. उभ्यानेच, आवाज न करता, आणि मला जवळ येऊ दिलं नाही. हात पुढे करून थांबवलं मला, ट्रॅफिकवाला थांबवतो तसं. मग डोळे पुसून म्हणाली, "बारक्याला शाळेत पोरं चिडवायची. झोपाळूचा पोर. मी त्याला मारायची, का रडतोस म्हनून. तुमी तवा कुठं व्हता?"

मी इथेच होते. तेच म्हटलं.

"ते नाव अजून हाय आत?"

"आहे."

"काढा. आता, माज्यासमोर."

मी कॉम्प्युटर लावला. एका झटक्यात सगळं बदलता येतं, तुला माहीत आहे. मी तसंच करणार होते. तिने नको म्हटलं. "एकेक करा." मग मी एकेक केलं. दोनशे चौदा वेळा. ती माझ्या खुर्चीमागे उभी होती. तिला इंग्रजी अक्षरं लागत नाहीत, पण नवऱ्याच्या नावाची अक्षरं लागतात, आधार कार्डावर बघून बघून. प्रत्येक वेळी नाव गेलं की ती "हं" म्हणायची आणि मी पुढे जायची. दोन तास लागले. शेवटचं गेल्यावर मला वाटलं, आता तरी तो गेला. गेला नाही. नुसती जागा मोकळी झाली.

मग तिने टेबल आवरलं, सोल्डरिंगची सुई पुसून ठेवली. "मी उद्यापासून येनार नाय," म्हणाली. दारात वळून म्हणाली, "कागदावर लिवून द्या, ते तर द्याच. पन आमच्याकडं येऊन तोंडानं सांगा. जिथं नाव गेलं तिथं सांगा. म्हाताऱ्यासमोर. नि जिवल्याला पन बोलवा, त्याला समदे येडा बोलतात."

कागद दिलाय. कारखान्याला एक, सरकारी तपासणीवाल्यांना एक, दोन्हींवर सही आणि तारीख, जळकं खोकं सोबत. पुण्याच्या कंपनीलाही कळवलं. ते काय ठरवतील ते ठरवतील. वैष्णवीने सगळं वाचलं आणि मला वाटलं ही आता हेल्मेट उचलणार. ती म्हणाली, "बदलांच्या यादीत खरं नाव घालू का, मॅडम? कोणी कधी काय बदललं?" मी म्हटलं, घाल. '१३ जानेवारी २०२२, पुष्पलता' असं तिने लिहिलं. त्या ओळीपुढचं 'दुकान' पुसलं गेलं.

सरावलीला ४ जानेवारीला, रविवारी, जायचंय.

पुष्पलता


५ जानेवारी २०२६

ललित,

काल गेले.

तुमच्या ओट्यासमोर वीस-पंचवीस माणसं होती. मंदाने दारोदार जाऊन बोलावली होती. जिवल्या पाड्यावरून येऊन कडेला उकिडवा बसला होता. बाबा खाटेवर होते. बारीक झालेत रे, पण आवाज तोच. "कोन आलीय?" म्हणाले तर कोपऱ्यावरचा कुत्रा उठून गेला.

मी ओट्याखाली उभी राहिले. पाणी मागायचीही लाज वाटली. मग सरळ सांगितलं. मशीन आमची. चूक माझी. रामनाथ झोपला नव्हता, प्याला नव्हता. भोंगा मशिनीने बंद केला. जिवल्या पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. आणि ललितने काही केलेलं नाही, मी त्याच्या डोक्यावर ढकललं.

"बघा," जिवल्या एवढंच म्हणाला, आणि आखडलेला हात गुडघ्यावरून खाली ठेवला. "बघा."

एका म्हातारीने मला शिव्या दिल्या. दिल्या ते बरं केलं. तुमच्या शेजारचा तो मिशीवाला, जो सगळ्यांत जास्त बोलायचा, तो चपला शोधत होता. बाकी कोणी हललं नाही. मंदा उंबऱ्यात उभी होती, बारक्याच्या खांद्यावर हात ठेवून. तो दहा वर्षांचा झालाय, डोळे अगदी रामनाथचे, माझ्याकडे सरळ बघत होता. मी नजर खाली घातली.

मला वाटलं बाबांना ऐकू आलं नाही. मग त्यांनी विचारलं, "वर चढला तवा त्याला म्हाईत व्हतं, फुटंल म्हनून?"

मी जिवल्याकडे बघितलं. जिवल्या म्हणाला, "व्हतं, काका. मला बोलला, तू खाली पल. म्हनून मी वाचलो."

"म्हंजी तो पलाला नाय."

"नाय."

बाबांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. मग एकदम हुंदका आला त्यांना. इतक्या मोठ्या आवाजाच्या माणसाचा हुंदका इतका बारीक असतो, मला माहीत नव्हतं. मंदा आत गेली आणि ट्रंकेतून त्याचा फोटो घेऊन आली. तो भिंतीवर लावलाच नव्हता, ललित. पावणेचार वर्षं तो फोटो ट्रंकेत पालथा होता. बारक्याने स्टूल आणलं, खिळा ठोकला, आणि मंदाने फोटो लावला. वाकडा लागला होता, जिवल्याने उजव्या हाताने सरळ केला.

मी निघाले. बाबांनी हाक मारली. माझ्याकडे न बघता बोलले, त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहिते, कारण ते तुझ्यासाठी आहेत, मला फक्त पोचवायचे आहेत.

"ललितला लिव. भाऊ पलाला नाय, नि तू मारला नाय. घरी ये म्हनावं. नि तू, बाय, परत आमच्या दारात येऊ नको."

लिहिलं.

पुष्पलता